पुस्तक घरून वाचून यायची अट काढून टाका

ताई, नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. बी.ए. झाले आहे, घरची शेती आहे, दुपारी थोडा वेळ मिळतो. मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलता बोलता विषय निघाला आणि आम्ही बारा जणींनी वाचन मंडळ सुरू केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी, पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमतो. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई आमच्यात आहेत. पुस्तक त्याच ठरवतात, त्याच आणतात. प्रत एकच असते, ती दोन-तीन दिवस एकीकडे, मग दुसरीकडे अशी फिरते.

पहिले काही महिने छान गेले. आता तिघी-चौघीच वाचून येतात, बाकीच्या खाली मान घालून बसतात. बाई एकेकीला विचारतात, "कोणत्या पानापर्यंत आलात?" मग कोणाकडे पाहुणे आलेले असतात, कोणाचं पोरगं आजारी असतं. खाणं मात्र वाढत चाललं आहे. चहा-चिवड्यावर सुरू झालं होतं, नोव्हेंबरात सांभारवडी, गोळाभात आणि कढीचं ताटच निघालं.

माझी सगळ्यात जुनी मैत्रीण या मंडळात होती. सातवीपर्यंत आम्ही शेजारी बसायचो, मग तिची शाळा सुटली. तिची दोन एकर कोरडवाहू आहे, बाकीचे दिवस ती मजुरीला जाते. पेरणीत, निंदणातही तिनं एक रविवार चुकवला नाही. नोव्हेंबरात बाईंनी पान विचारलं तेव्हा ती नुसती हसली. डिसेंबरात आली नाही. जानेवारीत तिच्याच घरी बसायचं होतं, ते झालंच नाही. विचारलं तर म्हणते, "कापूस वेचाचा हाये, मले नाई जमत वं." माझ्या घरी सासूबाईंचं रोजचंच, "पुस्तकं वाचून का कापूस पिकते?" बाई म्हणतात, ज्यांना वाचायचं नाही त्यांनी येऊ नये, वाचणाऱ्या चौघींचंच मंडळ ठेवू. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. मंडळ बंद करावं का?

— एक वाचक मैत्रीण

प्रिय मैत्रीण,

मंडळ बंद करू नका आणि चौघींचंही करू नका. पुस्तक घरून वाचून यायची अट तेवढी काढून टाका. जमल्यावर तिथंच एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढा एक बदल करा. तुम्ही लिहिलेल्या बहुतेक अडचणी या एका अटीतून निघाल्या आहेत, असं तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझं मत झालं.

आधी तुमच्या मैत्रिणीबद्दल बोलते, कारण तुमचा जीव तिच्यात अडकला आहे. ती कापसाचं कारण सांगते. ते खोटं नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, रविवारची दुपार तुमच्याकडे गेली की तेवढे किलो कमी भरतात. पण सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाल्यापासून ती कापूस वेचतेच आहे. नोव्हेंबरात कापूस ऐन भरात होता, तरी ती आली होती. ती यायची थांबली ते नोव्हेंबरच्या बैठकीनंतर, आणि त्या बैठकीत काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. तिला सगळ्यांसमोर पान विचारलं गेलं, आणि त्याच दिवशी ताट निघालं. दोन महिन्यांनी पाळी तिची होती. बारा जणींचा गोळाभात, वड्या, वर तेल, बेसन आणि अर्ध्या दिवसाची बुडालेली मजुरी. हे गणित तिनं त्याच दुपारी तुमच्या सतरंजीवर बसून मांडलं असणार. मग कापूस मदतीला आला.

पान विचारल्यावर ती हसली, त्या हसण्याचाही विचार करा. सातवीनंतर शाळा सुटलेल्या बाईला वाचता येतं, पण सवय सुटलेली असते. बचत गटाचं पासबुक, बसची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरचं नाव, पोराची प्रगतिपत्रिका, एवढंच वाचणं वर्षानुवर्षं होतं. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना बोट ठेवावं लागतं. तिच्या हातात अख्खी कादंबरी येते, अडीच दिवसांसाठी. दिवस शेतात जातो, संध्याकाळ चुलीपाशी, आणि रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. बारा जणी, एक प्रत आणि तीस दिवस हा हिशोब कोणाचाच बसणार नाही. ज्यांच्याकडे दर महिन्याला पाहुणे येतात त्या तुमच्या मैत्रिणी आळशी नाहीत. त्यांना न जमणारं काम दिलं गेलं आहे आणि वर त्याचा जाब विचारला जातो आहे.

आणखी एक शक्यता तपासा. चाळिशी ओलांडलेल्या किती जणींनी जवळचं वाचायचा चष्मा केला आहे? आपल्याकडे बाईला सुईत दोरा ओवता येईना झाला की ती पोरीला हाक मारते, डोळे तपासायला जात नाही. "मले वाचाचा कंटाळा येते" म्हणणाऱ्या बाईला अक्षरंच पुसट दिसत असतात, असं मी बरेचदा पाहिलं आहे. तालुक्याला डोळे तपासणीचं शिबिर लागलं की चौघी-पाच जणी मिळून जाऊन या.

आता मोठ्यानं वाचण्याचं. हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. पोथी अशीच तर वाचतात. 'गजानन विजय' ग्रंथाचे २१ अध्याय ज्यांनी कधी स्वतः वाचले नाहीत अशा बायाही त्यातली कोणती गोष्ट कुठं येते ते बिनचूक सांगतात, कारण आयुष्यभर त्यांनी पारायणाला बसून ऐकलं आहे. ऐकून लक्षात ठेवणं, ऐकता ऐकता मनात चित्र उभं करणं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. पोथी मध्येच थांबवून "हे मले पटलं नाई" असं कोणी म्हणत नाही, एवढाच फरक. तुमच्या बैठकीत ते म्हणता आलं पाहिजे.

अमरावती जिल्ह्यातल्या एका गावी मी अशा बैठकीला बसले आहे. अंगणात सतरंजी होती. बारावीतली एक मुलगी कथा वाचत होती आणि बाया हातातलं काम करत ऐकत होत्या. कोणी वाती वळत होती, कोणी तूर पाखडत होती. कथेतली बाई मुलाच्या फीसाठी हातातल्या पाटल्या मोडायला सोनाराकडे निघाली. तोच पाखडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचं सूप थांबलं. "नको मोडू वं माय," ती म्हणाली, "आता मोडशीन त पुन्हा नाई होत." मुलगी वाचायची थांबली. मग बराच वेळ पाटल्यांवर बोलणं चाललं. कोणाच्या बियाण्यासाठी गेल्या, कोणाच्या दवाखान्यासाठी, कोणी गहाण ठेवलेल्या सोडवल्या आणि कोणाच्या तिथंच राहिल्या. एकीनं नवऱ्याला कधीच न सांगितलेली गोष्ट तिथं सांगितली. कथा त्या दिवशी पुरी झाली नाही. पुढच्या वेळी सगळ्यांच्या आधी ती म्हातारीच येऊन बसली, तिला सोनाराकडे काय झालं ते ऐकायचं होतं. तिला अक्षरओळखही नव्हती. तिच्याइतकी चांगली वाचक मला फार थोडी भेटली आहे.

कसं करायचं ते सांगते. एक पान मोठ्यानं वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात. म्हणजे पाऊण तासात वीसेक पानं होतात, त्याहून जास्त एका दमात ऐकवत नाहीत. वाचायला दोघी-तिघी ठेवा, पाच-सात पानांनी आवाज बदलला की ऐकणाऱ्यांनाही बरं वाटतं. वाचायचा आग्रह कोणालाच करू नका. एखादीला स्वतःहून वाटलं तर तिला अर्धं पान द्या, आणि ती अडखळली तर शब्द पुरवू नका, वाट पाहा. वाचून झाल्यावर "लेखकाला काय म्हणायचं आहे" हा प्रश्न काढू नका, तो आला की सगळ्यांना शाळा आठवते. मध्येच, काहीतरी घडायच्या बेतात असताना थांबा आणि विचारा, "आता ही काय करंन?" याला प्रत्येकीकडे उत्तर असतं आणि ते चुकायची भीती नसते. हातात काम असू द्या. वाती वळता वळता बाई जास्त मोकळेपणानं बोलते, कारण सगळ्यांचे डोळे तिच्यावर नसतात. मोबाइल मात्र पिशवीत.

एकच प्रत असण्याची अडचणही यानं संपते. मोठ्यानं वाचायला एकच प्रत लागते.

पुस्तकांचं म्हणाल तर मंडळाच्या नावानं नाही, बारा जणींत वर्गणी काढून एकीच्या नावानं तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचं सदस्यत्व घ्या. १९६७ च्या कायद्यापासून आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी मान्यता आणि अनुदान मिळतं, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. एखाद्या मोठ्या खेड्यात 'ड' वर्गाचंही असतं. ग्रंथपालांना भेटून काय करतोय ते सांगा, चांगला ग्रंथपाल पुस्तकं शोधून देतो. जुन्या दिवाळी अंकांवर लक्ष ठेवा. त्यातल्या आठ-दहा पानांच्या कथा एका बैठकीत पुऱ्या होतात आणि वाचनालयाच्या कपाटात ते अंक गठ्ठ्यानं पडून असतात. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं झाली की आपल्याकडे पुस्तकावरचा हक्क संपतो, अशी बरीच जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यातली हवी ती पानं मोठ्या अक्षरात छापून आणली तर ज्यांचे डोळे कमजोर आहेत त्यांना ते बोलून दाखवावं लागणार नाही.

सुरुवात कशानं करावी? मी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'नं करीन. १९३४ ते १९३६ मध्ये ते भागाभागानं प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाईंना अक्षरं लग्नानंतर नवऱ्यानं शिकवली, आणि त्यांचं लिहिणं अगदी समोर बसून सांगितल्यासारखं आहे. प्रसंग लहान लहान आहेत, एक वाचला की पुढचा महिनाभर थांबला तरी बिघडत नाही. हसू येतं, आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. सासरचा जाच, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, पैशाची ओढाताण यात नवं काय सांगायचं असं तुमच्या मैत्रिणींना वाटणार नाही, त्या लगेच आपलं सांगू लागतील.

मग उद्धव शेळके यांची 'धग' घ्या. १९६० ची कादंबरी आहे, आपल्या वऱ्हाडातली. कौतिक नावाची बाई, कर्तृत्व नसलेला नवरा, आणि पोरांनी शिकावं म्हणून तिनं घेतलेला ध्यास. यातले संवाद वऱ्हाडी आहेत. ते छापलेले पाहून शिकलेल्या माणसाची जीभ अडखळते, पण तुमच्या मैत्रिणीला ते आपल्याच घरात ऐकल्यासारखे वाटतील. निवेदन बाईंना वाचू द्या आणि कौतिकचं बोलणं तिला म्हणून पाहू द्या, पहिल्यांदा नाही, तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, तिची इच्छा असेल तर. वऱ्हाडी बोलीचा नेमका हेल कुठं लागतो ते तिला बाईंपेक्षा जास्त कळेल आणि ते बाईंच्याही लक्षात येईल. अख्खी कादंबरी वाचायची गरज नाही. फार दुःखाची आहे, तेव्हा बसलेल्या बायांकडे पाहून वाचा. आपल्या भागात शेतकऱ्याच्या आत्महत्येनं उघडी पडलेली घरं आहेत, तशा घरातली एखादी तुमच्यातही असू शकते. कोणाला मध्येच उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्या, कारण विचारू नका.

आणि ताराबाई शिंदे. त्या बुलढाण्याच्या, म्हणजे आपल्याच. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला पोटच्या मुलाला मारल्याबद्दल शिक्षा झाली होती, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांनाच नावं ठेवणं चाललं होतं. ताराबाई त्यावर भडकून उठल्या आणि विचारू लागल्या की जे दोष बायकांचे म्हणता ते पुरुषांत नाहीत काय? पुस्तक लहान आहे, पण जुनी भाषा आणि लांबलचक वाक्यं आहेत. हे बाईंनीच वाचावं. दोन-तीन पानं पुरेत, त्या दिवशी बोलणं लवकर संपणार नाही.

बाईंचा विषय नाजूक आहे. त्यांच्यावर राग धरू नका. पुस्तकं त्यांनी आणली, खर्च बहुधा स्वतःच केला, आणि वर्गात जे रोज करतात तेच त्या इथं करतात. त्यांच्याशी एकट्याशी बोला, त्यांच्या घरी जाऊन, व्हॉट्सअॅपवर नाही आणि बाकीच्यांना घेऊन तर मुळीच नाही. मी असते तर असं म्हणाले असते: "बाई, तुम्ही नसत्या तर हे सुरूच झालं नसतं. पण आमच्यातल्या काही जणींना घरी वाचणं होत नाही आणि पान विचारलं की त्यांना लाज वाटते. पुढच्या वेळी तुम्ही वाचून दाखवाल का? आम्ही ऐकतो." शिक्षिकेला वाचून दाखवायला आवडतं, आणि रोज वर्गात वाचणाऱ्या बाईचा आवाज लागलेला असतो. सोबत एक नियम सगळ्यांसाठी करा: जी वाचेल ती सगळ्यांच्या शेवटी बोलेल. हा नियम बाईंसाठी केला आहे असं कोणी म्हणणार नाही, आणि पहिलं बोलणं मात्र आजवर गप्प बसलेल्यांच्या वाट्याला येईल. पुस्तक निवडणंही आता एकटीकडे नको. बाई तीन नावं सुचवतील, थोडक्यात गोष्ट सांगतील, बाकीच्या ठरवतील.

बाई ऐकणार नाहीत, असंही होऊ शकतं. त्यांना खरंच चौघींचं, चर्चेचं मंडळ हवं असेल. तसं असेल तर त्यांनी ते वेगळं चालवावं, त्यात काही वाईट नाही, तुम्ही दोन्हीकडे जा. पण बारा जणींचं मोडून चौघींचं करायला मात्र हो म्हणू नका.

खाण्याचं लवकर सांगते: काळा चहा किंवा दुधाचा, सोबत काही नाही. "एकच पदार्थ" असा नियम टिकत नाही, कारण एकच पदार्थही श्रीखंड असू शकतो. साखर-पत्तीचे पैसे बारा जणींनी वर्षाचे एकदाच जमा करावे. हे या महिन्यातच जाहीर करा, तुमच्या मैत्रिणीला बोलवायला जायच्या आधी. तिच्यासाठी केलं असं दिसता कामा नये.

आणि घरोघरची पाळी बंद करा. कोणाचं घर दोन खोल्यांचं असतं, कोणाच्या घरी दुपारी नवरा पिऊन पडलेला असतो, कोणाला सासूला विचारावं लागतं. एक जागा ठरवा. अंगणवाडीची खोली दुपारनंतर मोकळी असते, सेविकाताई आणि सरपंचांना विचारून मिळू शकते. शाळेचा व्हरांडाही चालेल, तिथं बाईंची मदत होईल. जागा निवडताना हे बघा की गावातली कोणतीही बाई तिथं बिनदिक्कत पाय ठेवू शकेल. कोणाच्या घरी कोण जातं आणि कोण अंगणातूनच परततं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर कोणी बोलत नाही. तुमच्या बारा जणी एकाच आळीच्या आहेत का, ते पत्रात नाही. असतील तर दुसऱ्या वस्तीतल्या आशाताईंना, बचत गटातल्या बायांना सांगावा धाडा.

याच्याच जोडीला एक गोष्ट मनापासून सांगते. तुमचं मंडळ हळदीकुंकवातून जन्मलं, म्हणजे ज्यांना हळदीकुंकवाला बोलावलं जात नाही त्या यात आल्याच नसणार. तुमच्या गावात अशा किती जणी असतील? त्यातल्या कित्येकींना घराबाहेर बसायला, चार शब्द बोलायला कुठं जागाच नाही. त्यांच्या घरी स्वतः जाऊन बोलवा. पुढच्या संक्रांतीला मंडळाचा वाढदिवस कराल, तर त्या दिवशी सगळ्यांना सारखंच द्या, हवं तर एकेक लहान पुस्तक द्या, आणि हळदीकुंकू मंडळाच्या बाहेर ठेवा.

वेळेचंही बदला. रविवार बाईंच्या सुटीचा आहे. मजुरीला जाणाऱ्या बाईला रविवार सुटी नसते. बऱ्याच गावांत तिला सुटी बाजाराच्या दिवशी, मजुरीचा चुकारा होतो त्या दिवशी मिळते. तुमच्या गावात तो कोणता वार आहे ते पाहा आणि बाजार करून बाया परतल्या की संध्याकाळी बसा. ऐन पेरणीत आणि सोयाबीनच्या सोंगणीत एखादा महिना सुटला तर सुटू द्या. त्याबदली हरभरा निघाल्यावर, मार्च ते मे, महिन्यातून दोनदा बसा. मे महिन्यात दुपारी बसायचं नावच काढू नका, दिवस कलल्यावर अंगणात पाणी शिंपडून बसा.

सासूबाईंना काही उत्तर देऊ नका, त्यांना एक दिवस ऐकायला घेऊन जा. आतापर्यंत त्यांना तुमच्या मंडळात यायला वावच नव्हता.

राहिली तुमची मैत्रीण. आधी वरच्या गोष्टी करा: खाणं बंद, पाळी बंद, वार बदलला, बाई वाचून दाखवणार. हे पक्कं झालं की तिच्याकडे जा. घरी जाऊन समोर बसून "काऊन येत नाई वं?" विचारलं तर ती पुन्हा कापूसच सांगेल. तिच्यासोबत शेतात जा, एक दुपार तिच्या शेजारच्या तासात वेचा. तुम्हालाही कापूस वेचता येतोच. वेचता वेचता तिला 'स्मृतिचित्रे'तला एखादा प्रसंग सांगा, अर्धा सांगा. मग म्हणा, "उरलेला अमक्या दिवशी अंगणवाडीत वाचणार आहोत, वाती वळायला कापूस घेऊन ये." तिला वाचणं जड जातं हे तुम्हाला कळलं आहे, असं कधीही दाखवू नका. तिनं स्वतःहून सांगितलं तर तेवढं ऐकून घ्या, धीर द्यायला जाऊ नका.

पहिल्या वेळी ती येणार नाही, असंच धरून चाला. तिला पाहायचं असेल की खरंच काही बदललं आहे का, आणि ते ती बाकीच्यांकडून ऐकेल. दुसऱ्या महिन्यात पुन्हा सांगा, तिसऱ्याही. शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या की कापसाचं कारणही उरत नाही, तेव्हा मार्चची बैठक तेवढी तिच्या घरापासून जवळ पडेल अशा जागी ठेवा.

तुमची,
ताई